गडावर फावडं उचलण्याआधी निळा फलक वाचा

पावसाळा सरला की दुर्गसंवर्धन मोहिमांचे संदेश फिरायला लागतात. फावडी, घमेली, कोयते, दोर, पाण्याचे कॅन, सगळ्याची यादी त्यात असते. एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते: हा गड कायद्याने कोणाच्या अखत्यारीत आहे आणि त्यांचं पत्र आपल्याजवळ आहे का? 'चांगलं काम करायला परवानगी कशाला' हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण गडांचं जे नुकसान भरून निघत नाही, त्यातलं बरंचसं चांगल्या हेतूनेच झालेलं आहे.

उत्तर बहुतेक वेळा पायथ्याशीच उभं असतं. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांतला फलक, ज्याच्याकडे बघून आपण फक्त फोटो काढतो. सगळा मजकूर वाचला नाही तरी चालेल, त्यात एक साल शोधायचं. '१९५८' दिसलं तर गड केंद्राचा, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा. '१९६०' दिसलं तर राज्याचा, म्हणजे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाचा. दोन्ही कायद्यांची नावं 'प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष' अशी जवळजवळ सारखीच असल्यामुळे लोक नावावरून फसतात. साल मात्र फसवत नाही. महाराष्ट्रात केंद्राकडे सुमारे २८५ स्मारकं आहेत आणि राज्याकडे पावणेचारशेहून जास्त. दोघांची कार्यालयं वेगळी, अर्ज वेगळे, अधिकारी वेगळे. एकाचं पत्र दुसऱ्याच्या गडावर चालत नाही.

११ जुलै २०२५ ला 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून 'आता हे किल्ले युनेस्कोकडे गेले' असं सर्रास ऐकू येतं. तसं काहीही झालेलं नाही. शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी हे आठ आधीही केंद्राकडे होते, आताही आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याकडे. युनेस्को यादी करते, देखरेखीचे अहवाल मागते, प्रसंगी कान उपटते. पण राजगडावरचा ढासळलेला बुरूज सावरायचा तर अर्ज राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडेच करायचा आणि लोहगडावरचा असेल तर सर्वेक्षणाच्या मंडल कार्यालयाकडे.

फलक नाही म्हणून गड मोकळा आहे असंही समजू नये. वाऱ्यापावसाने पत्रा उडतो, गंजतो. खात्रीची गोष्ट म्हणजे राजपत्रातली अधिसूचना. ती नसेल तर जमीन कोणाची हे सातबाऱ्यावरून काढायचं. राज्यातले पुष्कळ लहान गड दोन्ही याद्यांत नाहीत. काही वनखात्याच्या जमिनीवर आहेत, काही महसुलाच्या, काही चक्क खासगी. वनजमिनीवर साधं झुडूप तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते आणि गड अभयारण्यात असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदाही लागू होतो. वासोटा हे त्याचं ठळक उदाहरण, तो कोयना अभयारण्यात आहे.

अधिसूचना हातात आली की त्याखालचं परिशिष्ट वाचायचं. स्मारकाचं नाव, गाव, तालुका, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा, मालकी असे रकाने त्यात असतात. संरक्षण मिळतं ते या रकान्यांत लिहिलेल्या जमिनीला. गडाच्या कीर्तीला नव्हे. इथेच पहिली मोठी गोची होते. जुन्या अधिसूचनेत सर्व्हे नंबर असतो आणि आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर. मधल्या काळात १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली गटवारी झाली आणि नंबर बदलले. दोन्ही कागद समोर ठेवून जुळत नाहीत म्हणून लोक हताश होतात, किंवा त्याहून वाईट, अंदाजाने जुळवतात. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचं पत्रक काढलं की कोणत्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते कळतं. त्यानंतर मोजणी करून हद्दीच्या खुणा पक्क्या करायच्या. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचे फोटो कुणी टाकत नाही. पण गडाच्या पायथ्याला प्लॉट पडायला लागले की उपयोगी पडतो तो हाच कागद.

हद्द पक्की नसेल तर काय होतं हे देशाने पाहिलेलं आहे. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात केंद्र संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडत नसल्याचं आलं. शोधाशोध झाली, बरीचशी सापडली, तरी २४ चा पत्ता लागला नाही. २०२४ मध्ये त्यांतली १८ यादीतून काढण्याची प्रक्रिया सुरू झाली. हरियाणातल्या मुजेसरचा कोस मिनार, म्हणजे जुन्या रस्त्यावरचा अंतर दाखवणारा मनोरा, हाही त्यांत आहे. स्मारक हरवतं म्हणजे कुणी उचलून नेत नाही. शहर वाढतं, रस्ता रुंद होतो, धरणाचं पाणी चढतं आणि कागदावरचं वर्णन इतकं मोघम असतं की नेमकं काय गेलं हेही सांगता येत नाही.

नवीन स्थळ यादीत आणायचं असेल तर दोन्ही कायद्यांत वाट साधारण सारखी आहे. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, तिची प्रत स्मारकावर ठळक जागी लावतात, हरकतींसाठी दोन महिने देतात, मग अंतिम अधिसूचना. केंद्राच्या यादीसाठी स्थळ किमान १०० वर्षं जुनं आणि राष्ट्रीय महत्त्वाचं असावं लागतं. गावपातळीवरच्या बहुतेक जागांसाठी राज्याचाच रस्ता व्यवहार्य आहे. पुणे, नाशिक, रत्नागिरी, नागपूर अशा विभागीय सहायक संचालकांच्या कार्यालयात प्रस्ताव द्यायचा. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, ताजा सातबारा, मोजणी नकाशा, चतुःसीमा, मापं टाकलेला आराखडा आणि चारही बाजूंचे फोटो. इतिहासाची वीस पानं जोडण्यापेक्षा ही सहा कागदपत्रं चोख असावीत. प्रस्ताव अडतात ते बहुधा इतिहासावर नाहीच, सातबाऱ्यावरच्या पंधरा सहहिस्सेदारांवर अडतात. त्यांच्याशी आधी बोलून ठेवलं नाही तर हरकतींच्या दोन महिन्यांत सगळं बाहेर येतं.

आता मीटरचा विषय, कारण गैरसमज सर्वात जास्त इथे आहेत. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर विनियमित क्षेत्र असतं. म्हणजे एकूण ३०० मीटर. 'दोनशेच्या बाहेर आहे, आता काही प्रश्न नाही' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा अजून शंभर मीटर आतच असतो. दुसरं म्हणजे मोजायचं तटापासून नाही, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून. परिशिष्टात पायथ्यापर्यंतचा डोंगर संरक्षित असेल तर शंभर मीटर पायथ्यापासून सुरू होतात. वर हद्दीचा एवढा काथ्याकूट केला तो यासाठी.

१०० मीटरच्या आत नवीन बांधकाम नाही. १६ जून १९९२ पूर्वीची इमारत असेल, किंवा त्यानंतर सर्वेक्षणाच्या महासंचालकांच्या मान्यतेने उभी राहिलेली असेल, तर तिची दुरुस्ती व नूतनीकरण परवानगी घेऊन करता येतं. मजला चढवणं किंवा खोली वाढवणं दुरुस्तीत बसत नाही. पुढच्या २०० मीटरमध्ये नवीन बांधकामही करता येतं, पण परवानगीने. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो. त्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत कळवायचं आणि त्यानंतर महिनाभरात सक्षम प्राधिकाऱ्याने होकार किंवा नकार द्यायचा. सार्वजनिक गटारं, शौचालयं, पाणीपुरवठा आणि वीजवितरण यांची कामं कायद्यातल्या 'बांधकाम' या व्याख्येतूनच वगळली आहेत. पन्हाळ्यासारख्या, जिथे गडावरच गाव नांदतंय, अशा ठिकाणी हा बारकावा माहीत असला तर निम्मे वाद मिटतील. विनापरवाना बांधकामाला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि स्मारकाची नासधूस करण्यालाही शिक्षा तेवढीच. हे सगळं केंद्राच्या कायद्यातलं आहे, २०१० च्या दुरुस्तीने आलेलं. राज्य संरक्षित गडाला हेच मीटर जसेच्या तसे लावू नका.

श्रमदानाच्या परवानगीचा अर्ज लिहिताना 'गडसंवर्धनाचे काम करू इच्छितो' एवढंच लिहिलं तर पत्र फिरत राहतं. काम कुठे, किती लांबी-रुंदीत, कोणत्या तारखांना, किती माणसं, कोणती हत्यारं, निघालेला कचरा आणि दगड कुठे ठेवणार, हे लिहा. 'महादरवाजापासून दुसऱ्या बुरुजापर्यंत, सुमारे ४० मीटर, तटाच्या आतल्या बाजूचं गवत व झुडपं हाताने काढणे' असं वाक्य असलं की अधिकाऱ्याला सही करायला सोपं जातं. स्पष्टच सांगायचं तर मंजुरी मिळते ती बहुधा साफसफाईची. दगड हलवणं, रचणं, चुना भरणं ही कामं विभागाच्या देखरेखीखाली प्रशिक्षित गवंडीच करतात आणि ते योग्यच आहे.

साफसफाईतही चुका व्हायला भरपूर वाव असतो. तटावरचा पिंपळ, वड, उंबर दिसला की दोर बांधून ओढायचा मोह होतो. झाड वीतभर उंचीचं आणि पहिल्याच वर्षाचं असेल तर पावसानंतरच्या ओल्या फटीतून हाताने निघतं. मनगटाएवढं झालं असेल तर त्याची मुळं तटाच्या गाभ्यात गेलेली असतात आणि गाभ्यातला भराव त्यांनीच धरून ठेवलेला असतो. असं झाड ओढलं की सोबत दगडांची रांग खाली येते. ते बुंध्याशी कापायचं, खुंट तसाच ठेवायचा आणि तो मारण्याचं रसायन विभागाच्या माणसाकडूनच घालून घ्यायचं. मुळं वाळली की मोकळ्या झालेल्या फटी भरतात. ही शेवटची पायरी राहिली तर कुजलेल्या मुळाच्या पोकळीतून पाणी आत शिरतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तट पोट काढतो. काढलेलं गवत भिंतीला टेकून जाळणं हा आणखी एक प्रकार. बेसॉल्ट तापला की त्याचे पापुद्रे सुटतात.

टाकी उपसणं हे सगळ्यांचं आवडतं काम, आणि सर्वात जोखमीचंही तेच. आपल्याला तो गाळ वाटतो, पण टाक्याच्या तळाशी साचलेले थर म्हणजे गडाची वही आहे. वरच्या फूट-दीड फुटात प्लॅस्टिक आणि बाटल्या, त्याखाली खापरं, कौलं, कधी तोफगोळा, कधी शिवराई हे तांब्याचं नाणं. घमेली एकामागून एक दरीत रिकामी केली की कोणती वस्तू कोणत्या खोलीवर होती ते कायमचं पुसलं जातं. म्हणून संरक्षित ठिकाणी उपसा म्हणजे उत्खननच समजायचं आणि विभागाचा माणूस हजर असल्याशिवाय हात लावायचा नाही. तो असेल तेव्हाही थर २०-२५ सेंटिमीटरच्या टप्प्यांनी काढायचा, प्रत्येक टप्प्याचा गाळ वेगळा ठेवून चाळायचा आणि चाळणीवर राहिलेलं पिशवीत भरून वर खोली लिहायची. नाणं मिळालं तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका. लिंबू-चिंचेने अक्षरं उठून दिसतात खरी, पण वरचा थर जातो आणि त्याबरोबर अक्षरांची कडही जाते.

नाणं खिशात घालून घरी नेणाऱ्यांसाठी: १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! १८७८ च्या दहा रुपयांची ती मर्यादा आज इतकी खाली आली आहे की तिच्यातून काहीच सुटत नाही.

तोफांबद्दल थोडक्यात. दरीत पडलेली तोफ वर आणून सागवानी गाड्यावर बसवली की गावात मिरवणूक निघते. पण ती कुठे, कोणत्या बाजूला तोंड करून, किती खोल पुरलेली होती याची नोंद उचलण्याआधीच घ्यायची असते. लांबी, तोंडाचा आतला व्यास, कान्यांची (तोफ गाड्यावर टेकते त्या दोन बाजूंच्या दांड्यांची) जाडी, असतील तर खुणा. नंतर ती कितीही शोभिवंत दिसली तरी ही माहिती परत मिळत नाही. लोखंडी तोफेला काळा ऑइलपेंट फासला तर गंज आत चालूच राहतो आणि काही वर्षांत रंगासकट पापुद्रा निघतो. आधी गंज झाडून, मीठ धुऊन, वाळवून टॅनिक आम्लाचा हात देतात, मग संरक्षक लेप. दरवाजांना नवी सागवानी दारं बसवण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. माझ्या मते ती सजावट आहे, संवर्धन नाही. मूळ दाराचा पुरावा आणि परवानगी हातात असेल तर बसवा, पण त्याच पैशात दोन बुरुजांच्या डोक्यावरच्या फटी भरून होत असतील तर आधी त्या भरा.

आणि आता चुना. सिमेंट लावू नये हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, कारण फार थोडे सांगतात. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेलं पाणी त्या सांध्यातून बाहेर पडतं. भिंत थोडी हलली तर सांधा झिजतो, दगड वाचतो. सिमेंटचा सांधा कडक आणि बंद, त्यामुळे पाणी आत कोंडतं आणि दगडातून वाट काढतं. सोबत क्षार येतात, ते दगडाच्या पृष्ठभागाखाली जमून फुगतात आणि दगडाचं तोंड सुटतं. सांधा शाबूत आणि दगड मात्र आत खचलेला, असं चित्र दिसलं की समजायचं इथे सिमेंट झालंय. कोकणातल्या जांभ्यात हे अधिक लवकर दिसतं, कारण जांभा मुळातच मऊ आणि छिद्रांचा.

मिश्रणाचं प्रमाण पुस्तकातून उचलायचं नसतं, जुन्या सांध्यावरून काढायचं. सांध्याचा आतला, न झिजलेला तुकडा घेऊन वजन करतात आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकतात. चुना फसफसून विरघळतो, वाळू तळाशी राहते. ती धुऊन, वाळवून पुन्हा वजन केलं की दोन्हींचं प्रमाण कळतं, शिवाय वाळू भरड होती की बारीक हेही. किनाऱ्यावर मात्र सावध राहायचं. तिथल्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात, तेही आम्लात विरघळतात आणि चुना आहे त्याहून जास्त दिसतो.

कळीचा, म्हणजे भट्टीत भाजलेला कोरडा चुना विरवताना पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. पाणी उकळतं, शिंतोडे डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना गाळून, वर पाण्याचा थर ठेवून किमान दोन-तीन आठवडे मुरवायचा. घाईने वापरला तर न विरलेले खडे भिंतीत बसल्यावर फुगतात आणि सांध्यावर छोटे खळगे पडतात. मग वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून घाणीत मळायचा. काही गडांवर दगडी चाक आणि गोल चर अजून पडलेला दिसतो, तीच ही चुन्याची घाणी. फावड्याने कालवलेल्या आणि घाणीत मळलेल्या चुन्यात फरक बोटांना कळतो. मळलेला चिकट आणि लोण्यासारखा असतो, त्यात पाणी कमी लागतं, म्हणून वाळताना तडेही कमी जातात. गूळ, बेलफळ, हिरडा यांचं पाणी घालण्याची जुनी रीत आहे, पण जास्त गूळ घातला तर चुना बसायला वेळ लागतो आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

सांधा भरण्याआधी सुटा माल छिन्नीने हलक्या हाताने काढून खोली किमान दोन-अडीच सेंटिमीटर, किंवा सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट करायची. वरवर भरलेला चुना पहिल्याच पावसात पडतो. फट धुऊन ओली ठेवायची, नाहीतर कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि मागे नुसती पूड राहते. खोल फट असेल तर एका दमात न भरता थर देत जायचं आणि आत दगडाच्या चिपा ठोकायच्या. चुना दगडाच्या तोंडावर पसरू द्यायचा नाही, सांधा दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवायचा. मग ओलं गोणपाट टांगून किमान आठवडाभर, उन्हाची बाजू असेल तर त्याहून जास्त दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओलही लागते आणि वेळही. म्हणून हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत आटपायचं. एप्रिलच्या उन्हात केलेला सांधा वरून पांढरा आणि टणक दिसतो, पण नखाने खरवडला की आत भुसभुशीत लागतो. दिवाळी ते फेब्रुवारी या मुदतीत गोणपाट ओलं ठेवायला गडावर रोज थांबणारी दोन माणसं मिळत नसतील, तर त्या वर्षी सांध्याला हात न लावलेलाच बरा.